प्रमोदिनीबाईंनी गाडी काढली

बंगळुरात जीवन भीमा नगरातल्या त्या घरी दर रविवारी सकाळी तीन माणसं कॉफीला येत. तिघंही आधी शेडमध्ये जाऊन गाडीला भेटत आणि मग घरात येत. प्रमोदिनीबाईंना यात कधी वावगं वाटलं नव्हतं. अरविंद होते तोवर त्याही हेच म्हणायच्या, की आमच्याकडे पाहुणे येतात ते गाडीचे, आम्ही आपले तिचे नातेवाईक.

अरविंद विमान कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीला काही महिने उरले असताना एका दुपारी छातीत कळ आली आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या प्रमोदिनीबाई आणि शेडमधली ती गडद हिरवी, दोन माणसांची, विलायती स्पोर्ट्स कार.

ही गाडी त्यांनी चिकमगळूरच्या एका कॉफीमळ्याच्या मालकाकडून घेतली होती. आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. दारं गंजलेली, कापडी छत उंदरांनी खाल्लेलं, इंजिनात मुंग्यांचं वारूळ. दर रविवारी थोडं थोडं करत अरविंदांनी तिला उभी केली. कारखान्यात विमानाचा पत्रा ज्या हातोडीनं ठोकायचे तसली हातोडी पैदा करून तिची मडगार्डं त्यांनी स्वतः ठोकली. डावीकडचं पुढचं मडगार्ड तर तीनदा ठोकून तीनदा मोडीत टाकलं, तेव्हा कुठे चौथं त्यांच्या मनास आलं. या खटाटोपात हाताशी म्हणून जे तिघं येऊ लागले, ते येतच राहिले.

श्रीकांतांचा पीण्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना होता. लेथवर काय हवा तो भाग काढून देत. शेषगिरी विमा कंपनीचे निवृत्त सर्वेक्षक. ठोकलेल्या गाड्या बघण्यात जन्म गेल्यामुळे ते धड गाडीकडेही, ती उद्या कुठून चेपेल, अशाच नजरेनं बघत. आणि हयवदन बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना गाड्यांबद्दल सगळं ठाऊक होतं. कुठल्या देशात कुठली गाडी कुठल्या साली निघाली, तिला सिलिंडर किती, तिनं कुठली शर्यत जिंकली, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. ते बसवनगुडीहून दोन बस बदलून येत, कारण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नसे. तिघांची घराणी बंगळुरात पाचसहा पिढ्यांपासूनची. मराठी बोलत, पण मधूनच कन्नड शब्द असा सहज टाकत, की नागपूरहून लग्न होऊन आलेल्या प्रमोदिनीबाईंना सुरुवातीची काही वर्षं निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागे.

कॉफीबरोबर वाद असे. स्पोर्ट्स कार म्हणायचं कशाला? हयवदनांच्या मते वळणावर जी रस्त्याला चिकटून राहते ती. सरळ रस्त्यावर काय, उसाची लॉरीसुद्धा पळते. श्रीकांत म्हणत, वजन बघा, वजन. हलकी असेल तरच ती स्पोर्ट्स, बाकीच्या नुसत्या लाल रंगाच्या. शेषगिरी कपातली शेवटची कॉफी संपवून निकाल देत.

"विम्याच्या हिशेबानं विचाराल तर, स्पोर्ट्स कार म्हणजे अजून न झालेला अपघात."

ड्रायव्हिंग स्कूलचा विषय निघाला की तिघांचं एकमत होई. या शाळा गाडी शिकवत नाहीत, परीक्षा पास करायला शिकवतात. गाडी शिकायची ती वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या शिव्या खात, असं श्रीकांत सांगत, आणि हयवदन जोरजोरात मान डोलावत. सॉफ्टवेअर कंपन्यांत पुण्यामुंबईहून आलेली नवी पोरं शाळेत महिनाभर शिकून थेट पॉवर स्टिअरिंगवर बसतात, हा तर या मंडळींच्या लेखी कलियुगाचा पुरावाच होता.

अरविंद गेले आणि एक अडचण उभी राहिली. गाडी चालवणार कोण? श्रीकांतांना चालवता येई, शेषगिरींनाही. पण प्रमोदिनीबाईंनी किल्ली पुढे केली की दोघंही हात मागे घेत. दुसऱ्याची गाडी, त्यात अरविंदची, त्यात वहिनींची. काही झालं, कुठे घासली, तर भरपाई कुणी करायची आणि कशी? पैसे देता येतील हो, शेषगिरी म्हणत, पण अरविंदच्या हातचा पत्रा कुठून आणून देऊ? तेव्हा असं ठरलं, की दर रविवारी इंजिन जागेवरच पाव तास चालू ठेवायचं, आणि टायर एका जागी दबू नयेत म्हणून गाडी चारपाच हात पुढे-मागे ढकलायची. पहिल्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, तेव्हाही तिघांनी मिळून ती मागून ढकललीच. लिंबं फुटली, आरती झाली, कॉफी झाली. इंजिन मात्र बंदच राहिलं.

असं वर्षभर चाललं. मग एका रविवारी श्रीकांत जरा चाचरत म्हणाले, की उभी गाडी मरते. एक गिऱ्हाईक आहे, पुण्याचा मुलगा, चांगल्या नोकरीत आहे, शौकीन आहे, सांभाळील. शेषगिरी मान खाली घालून चमच्याशी चाळा करत राहिले. हयवदन म्हणाले, वहिनींच्या मनाविरुद्ध काही नको, पण श्रीकांत म्हणतो त्यात तथ्य आहे.

प्रमोदिनीबाई बघू म्हणाल्या. कप उचलून आत नेले, नळ सोडला आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. गाडी गेली तर शेड रिकामी होईल, त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण मग रविवारी ही माणसं कशाला येतील? सोमवार ते शनिवार त्यांच्याशी बोलणारी माणसं म्हणजे दूधवाला, गॅसवाला आणि महिन्यातून एकदा नागपूरहून फोन करणारी बहीण. तीही दर वेळी, आता तिथं एकटीनं काय करतेस, इकडे ये, एवढंच म्हणणारी. रविवार गेला तर आठवड्याला काही आकारच उरणार नव्हता. गाडी उभी आहे म्हणून मरते आहे ना, मग ती चालली पाहिजे. आणि दुसरं कुणी चालवत नसेल, तर आपण.

हा विचार वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांना सुचला, आणि त्यांनी तो कुणालाही सांगितला नाही.

बाजारातल्या एका दुकानावर गुंडो मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. मास्तरांचे पूर्वज म्हणे शहाजीराजांबरोबर इकडे आलेले. त्यांची मराठी त्या काळापासून इथल्या हवापाण्यावरच वाढली होती. प्रमोदिनीबाईंना ते पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागले. त्यांची मारुती आठशे होती, डाव्या बाजूला मास्तरांच्या पायाशी ब्रेक आणि क्लच आणखी एकदा बसवलेले. सुरुवातीलाच त्यांनी आपला कायदा सांगून टाकला. शिकताना कुठे ठोकलं, तर भरपाई त्यांची. शिकणाऱ्याकडून ते एक रुपया घेत नसत. पण लायसन हातात पडलं, की त्यांची हद्द संपली.

"क्लच स्वल्प स्वल्प सोडा अक्का. दुधावरची साय काढताय असं समजा."

साय काढणं प्रमोदिनीबाईंना जमत होतं, त्यामुळे क्लचही जमला. सकाळच्या वेळी त्या मालानं भरलेल्या लॉऱ्यांमागून जीव मुठीत धरून जात. काही आडवं आलं की गाडी थांबे. आपण थांबवली की मास्तरांनी, हे त्यांना बऱ्याचदा कळत नसे. मास्तर खिडकीतून बाहेर बघत असत, चेहऱ्यावर काही नाही, आणि गाडी मात्र वेळेवर थांबलेली. शेजारी कुणीतरी आहे, आपलं चुकलं तर त्याचा पाय आहे, या भरवशावर त्यांना कितीतरी दिवसांनी हलकं हलकं वाटू लागलं होतं. आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढून त्या पास झाल्या, त्या दिवशी मास्तरांनी त्यांच्या हातावर मैसूरपाक ठेवला. उद्यापासून यायचं नाही, हे त्या मैसूरपाकाबरोबरच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो न खाता रुमालात बांधून घेतला, आणि मास्तरांना वाटलं, घरच्यांसाठी.

त्यानंतर दुपारच्या निवांत वेळी त्या शेडमधून गाडी फाटकापर्यंत आणायच्या आणि परत न्यायच्या. क्लच मारुतीपेक्षा कितीतरी जड होता. पण अंगणातल्या अंगणात गाडी त्यांचं ऐकू लागली.

आयुधपूजेच्या दिवशी तिघंही नेहमीसारखे आले. गाडी धुतली, पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. हयवदनांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं गेली. तिघं गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, बाह्या सरसावल्या. तेवढ्यात प्रमोदिनीबाई पदर खोचून पुढे आल्या, दार उघडून आत बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

शेषगिरींनी खाली वाकून विचारलं, काय करताय वहिनी. बाईंनी पर्समधून लायसन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं आणि श्रीकांतांकडे दिलं. कुणी काही बोलायच्या आत लिंबं फुटली आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

रस्त्यावर सगळीकडेच पूजा होती. समोरच्या रेड्डींनी नवी व्हॅन घेतली होती. तिला केळीचे खुंट बांधले होते, आणि नुकताच तिच्यावरून ओवाळून कोहळा रस्त्यात फोडला होता. कुंकू भरलेल्या कोहळ्याचा लाल ओला गर सगळीकडे पसरला होता. बंगळुरात त्या दिवशी स्कूटरवाले हटकून घसरतात. जुनी माणसं पाय सोडूनच चालवतात. प्रमोदिनीबाईंनी तो गर पाहिला. त्यांनी ब्रेक लावला, चाक घसरलं, गाडी डावीकडे वाहत गेली. ब्रेक सोडून स्टिअरिंग वळवायला वेळ होता. त्या वेळात प्रमोदिनीबाईंनी वाट पाहिली. डाव्या बाजूचा पाय आता दाबेल म्हणून वाट पाहिली.

डावीकडची जागा रिकामी होती. गाडी रेड्डींच्या व्हॅनच्या कोपऱ्यावर जाऊन थडकली. आवाज फार मोठा झाला नाही. व्हॅनचा दिवा फुटला, बंपर वाकला. इकडचं डावं मडगार्ड मधोमध दुमडून चाकाला टेकलं.

कुणाला लागलं नव्हतं. रेड्डी धावत आले, त्यांनी आधी बाईंना हात देऊन उतरवलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मग व्हॅनकडे बघून हसले. बिडी अम्मा, ते कन्नडात म्हणाले, जाऊ द्या, जी काही दृष्ट होती ती एवढ्यावर गेली. दिवा काय, उद्या बसवू.

भांडण झालं नाही. पण मित्रमंडळींत वादाला तोंड फुटलं. तिघंही दिङ्मूढ झाले होते, आणि वाद घालणं हीच त्यांना येणारी गोष्ट होती. हयवदनांचं म्हणणं, दोष कोहळ्याचा. सार्वजनिक रस्त्यावर निसरडं करून ठेवणाऱ्याची जबाबदारी पहिली. शेषगिरी म्हणाले, कायद्यानं तसं नाही, उभ्या वाहनाला जो धडकतो तो जबाबदार, मग खाली कोहळा असो की लोणी. श्रीकांत शाळेवर घसरले. महिनाभरात लायसन वाटतात, या मास्तरला विचारा म्हणावं. प्रमोदिनीबाई रेड्डींच्या पायरीवर हातात पाण्याचा पेला घेऊन बसल्या होत्या. मास्तरांची हद्द केव्हाच संपली आहे, असं त्यांना सांगावंसं वाटलं, पण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

गाडी ढकलत अंगणात आणली. तिघं मडगार्डाभोवती उभे राहिले. श्रीकांतांनी दुमडलेल्या पत्र्यावरून हात फिरवला, आणि तसाच हात ठेवून पाठमोरेच म्हणाले,

"आम्हांला एकदा विचारायचं होतं, वहिनी."

"काय विचारायचं होतं?"

"गाडी काढू का म्हणून."

प्रमोदिनीबाईंनी हयवदनांकडे पाहिलं. ते झेंडूची एक तुटलेली माळ गोळा करत होते. शेषगिरींनी खिशातून चष्मा काढून घातला आणि परत काढला. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की आपण रेड्डींना काय द्यावं लागेल याची भीती बाळगत होतो, आणि खरी भरपाई मागणारे इथे उभे आहेत.

"भावजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या हातचं होतं ते. माझं गेलं. तुमचं काय गेलं ते सांगा, तेही भरून देते."

श्रीकांतांचा चेहरा पडला. तसं नाही वहिनी, ते म्हणाले, आणि त्यांनी मडगार्डावरचा हात काढून घेतला. त्या दिवशी पूजेचं जेवण होतं, पुरणपोळी होती. तिघंही जेवले, कमी जेवले आणि लवकर निघाले.

दोन दिवसांनी श्रीकांतांचा माणूस आला आणि मडगार्ड उतरवून पीण्याला घेऊन गेला. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्यापुढच्याही नाही. फिल्टरमधली कॉफी प्रमोदिनीबाईंनी सोमवारी संपवली. शेषगिरींचा फोन आला, गुडघा दुखतो म्हणाले. सांगत होते तेवढा दुखत नसावा, पण विचारायची चोरी. महिन्याभरानं माणूस मडगार्ड बसवून गेला. काम सुबक होतं, बाईंना कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. हिरवा मात्र थोडा निराळा होता. बिल विचारलं तर साहेबांनी घेऊ नका सांगितलंय म्हणाला. साहेब स्वतः आले नाहीत.

हे समजून घ्यायला प्रमोदिनीबाईंना काही रविवार लागले, की ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी आपल्या मित्राला त्या शेडमध्ये जपून ठेवलं होतं, इंजिन जागेवर पाव तास चालवून. त्यांच्या मित्राला कुणीतरी रस्त्यावर नेऊन आपटलं होतं. आणि ती कुणीतरी म्हणजे, ज्यांना ते वहिनी म्हणत, पण ज्यांना त्यांनी दहा वर्षांत, कॉफी छान झालीय म्हणण्यापलीकडे, काही विचारलं नव्हतं, अशी एक बाई होती. राग कुणावर धरावा हे बाईंना ठरवता येईना, म्हणून त्यांनी तो धरला नाही. पण घर फार मोठं वाटू लागलं. बहिणीनं फोनवर पुन्हा तेच विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत.

पुण्याच्या मुलाला गाडी देऊन टाकावी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ज्या कारणासाठी गाडी ठेवली, ते कारणच उरलं नव्हतं, तेव्हा विकण्याचीही घाई उरली नाही. उलट रविवारी सकाळी, ज्या वेळी पूर्वी पाहुणे यायचे, त्या वेळी घरात बसवेना म्हणून त्या गाडी काढू लागल्या. आधी कोपऱ्यापर्यंत, मग विमानतळाच्या रस्त्यानं, एकदा तर होसूर रस्त्याला लागून आनेकलच्या फाट्यापर्यंत. लोक वळून बघत. पांढऱ्या केसांची बाई, उघडी गाडी. आता चूक झाली की त्या वाट बघत नसत.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्या निघण्याच्या बेतात होत्या, आणि हयवदन आले. स्वेटर, मफलर, हातात बदामी कागदात गुंडाळलेली शेवंती. ते शेडकडे गेले नाहीत. पायरीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, सहज आलो. बाईंनी कॉफी करते म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही निघाला होतात, जाऊन या.

"तुम्हीही चला ना. एक जागा आहेच."

हयवदनांनी गाडीकडे पाहिलं. ज्या गाडीबद्दल दहा वर्षं बोलले होते तिच्यात ते एकदाही बसले नव्हते. त्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

"नको वहिनी. मला गाडीत भीती वाटते. कुणाला सांगू नका." मफलर सारखा करत ते म्हणाले, "मी बसतो इथे. तुम्ही या."

प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. कुणाला सांगायला आता होतं तरी कोण. त्या गेल्या. थंड हवा होती, रस्ता मोकळा होता, नेहमीपेक्षा त्या जरा लांबच गेल्या. येईपर्यंत हा गृहस्थ कंटाळून बस पकडून गेलेला असेल, अशी त्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती.

कोपऱ्यावर वळल्या तेव्हा त्यांना दिसलं, हयवदन फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभे होते आणि विरुद्ध दिशेला बघत होते. इंजिनाचा आवाज ऐकून ते वळले. लगबगीनं त्यांनी फाटकाची दोन्ही दारं उघडली. गाडी आत आली. त्या चालीबद्दल, गिअरबद्दल, वळण कसं घेतलं त्याबद्दल ते आता काहीतरी सांगतील म्हणून बाई थांबल्या.

"उशीर झाला," हयवदन म्हणाले. "स्वल्प काळजी वाटली."

प्रमोदिनीबाईंनी इंजिन बंद केलं. यावर काय म्हणायचं असतं हे त्यांना आठवेना. सवय मोडली होती. मग त्या उतरल्या, आत गेल्या आणि दोन कप कॉफी करून आणल्या. हयवदनांची बस बाराला होती. तोवर ते बसले, आणि गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.